सरकीच्या पोत्यावर पाळत

सयाजी: हसू नकोस आक्का! रेडकू तुझं मुंडकं खातंय, हे तुझ्या दारातल्या क्यामेऱ्यातनं मी माझ्या डोळ्यांनी फोनवर बघितलंय.

आक्का: आरं पर माझं मुंडकं हाय की जाग्यावर! चाचपून बघ पायजे तर. मुरगूडास्नं आत्ता उतरलीया मी. हातातली पिशवी तर खाली ठिवू दे.

सयाजी: मुरगूड? मग त्या बाजेवर कोण बसलंय?

आक्का: ते व्हय? सरकीचं पोतं हाय.

सयाजी: पोतं?

आक्का: पोतं. त्याला माझं जुनं लुगडं नेसवलं, वरनं घोंगडं घातलं. टाळक्याला कडब्याची पेंडी बांधली आन त्याच्यावरनं पदर घेतला. कडबा बघून रेडकानं दावं तोडलं आसंल. त्या बिचाऱ्याची काय चूक?

क्रांती: पप्पा, आधी पायात बघा. एक चप्पल तुमची, एक मम्मीची.

सयाजी: तू गप गं. शाहूपुरीपास्नं गडमुडशिंगीपतुर गाडी कशी हाणलीया ते माझं मला म्हाईत. वाटंत पोलिसानं अडवलं, तर त्याला वरडून सांगितलं, “बहिणीचं मुंडकं गेलंय!” त्यो असा बाजूला झाला, परत शिट्टी बी वाजवली न्हाय.

क्रांती: आणि मी मागं बसून घसा फोडत होते, पप्पा ऐका, पप्पा जरा ऐका...

सयाजी: हेल्मेटात काय ऐकू येतंय? आक्का, कवा गेलतीस तू?

आक्का: बुधवारी. नणंदेच्या नातीचं लगीन हुतं की.

सयाजी: आज शनवार हाय!

आक्का: व्हय. तीन दिस झालं.

सयाजी: तीन दिस मी पोत्याकडं बघतोय? आगं बुधवारी सांजचं बायकोला फोन दावून म्हटलं, आक्का आज कशी निवांत बसलीया, बघून बरं वाटलं. गुरुवारी म्हटलं, आक्काचं अंग जरा सुटलंय. रातचं बी तितंच दिसलीस, तर म्हटलं उकडतंय, भाईर झोपली आसंल.

क्रांती: बसून?

सयाजी: बसून झोपत्यात काही माणसं! आन त्यो आकाराम? सकाळ-सांज येऊन तुझ्यासंगं बोलत हुता की! हातवारं करून बोलत हुता. बघितलंय मी.

आक्का: मीच सांगून गेलते त्याला. धार काढायला येशील तवा पोत्याला हाक मारत जा, म्हंजी सयाला शंका यायची न्हाय. तर त्यो म्हंतोय कसा, काय हरकत न्हाय आक्का, माझी बायको बी उत्तर देत न्हाय, मला सवय हाय.

सयाजी: शेजारी बी फितूर! वा!

आक्का: आन काय रं, मुंडकं गेल्यालं बघून बी फोन केला न्हाईस व्हय मला?

सयाजी: मुंडकं न्हाय त्याला फोन करून काय उपेग?

आक्का: ते बी खरंच.

सयाजी: आक्का, हे डोकं तुझं न्हवं. ही बुजगावण्याची आयडिया तुला दिली कुणी?

क्रांती: मी पाणी आणते हं पप्पा.

सयाजी: हलायचं न्हाय तितनं.

आक्का: पोरीवर कशाला डाफरतोस? तुझाच त्यो कंपूटरवरचा ख्योळ हाय. दर रविवारी येती ती, लॅपटॉप घिऊन. त्यात क्यामेऱ्याची नजर भुईवर पिवळ्या पट्ट्यागत फिरती बघ. त्या पट्ट्यात पाय द्याचा न्हाय. एका अंगाला बुजगावणं उभं करायचं आन दुसऱ्या अंगानं आपण सटकायचं. मी म्हटलं, ह्यात नवीन काय? पाखरास्नी फसवण्यात माझी हयात गेली, तर क्यामेरा काय घिऊन बसलीस.

सयाजी: तू माझा गेम खेळतीस?

क्रांती: खेळते म्हणजे काय! छत्तीस लेव्हल. तुम्ही एकोणतीसवर आहात.

सयाजी: छत्तीस?

आक्का: बारावीत हुतास तवापास्नं तुझा ह्यो नाद बघतीया मी. तवा ठिपक्या-ठिपक्यांची माणसं हुती, हिरव्या अक्षरात बोलायची. मधेच लाइट गेली की तू काळ्या पडद्यापुढं बसून रडायचास. आता माणसं कशी धुऊन काढल्यागत दिसत्यात. पर गाव तेच हाय रं! तवाबी रातच, आताबी रातच. तवाबी पाऊस, आताबी पाऊस. पंचवीस वरसांत त्या गावात एकदा दिस उगवला न्हाय. आन एवढा पाऊस पडून उसाचं एक टिपरू न्हाय कुठं. खात्यात काय ती माणसं?

सयाजी: पाकिटातलं खात्यात, कंपनी देईल ते. तेच तर दुखणं हाय तितलं. पाणी कंपनीचं, हवा कंपनीची, माणसाच्या डोस्क्यात चिप, जाशील तितं क्यामेरा. आन माझा गडी त्या सगळ्याच्या विरोधात उभा! एक हात पोलादाचा. नाव ‘वणवा’.

क्रांती: वणवा. ज्याला गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय आमचा जिना चढता येत नाही.

सयाजी: गेममधे चढतो मी. दोन-दोन पायऱ्या.

क्रांती: बरं, वणव्यानं आजवर कॅमेरे किती फोडले?

सयाजी: आसतील की नऊशे.

क्रांती: आणि दुकानातनं गिऱ्हाइकांकडं बसवले किती?

सयाजी: ...तेवढंच आसतील. वाइच जास्तच.

क्रांती: म्हणजे तिकडं फोडायचे आणि इकडं बसवायचे.

सयाजी: व्हय, हाय मी तसला! कंपनीचा माणूस हाय मी, घ्या! त्यो वणवा उद्या माझ्या दुकानात शिरला तर पयलं मानगूट माझंच धरंल. आन मी काय करीन सांगू? बस म्हणीन, च्या सांगीन, आन दोन वरसांच्या वॉरंटीचा क्यामेरा त्याच्या गळ्यात मारीन. पोलादी हातानं पिशवी घिऊन जाईल बिचारा.

आक्का: त्या फाटकावरच्या गड्याचं सांग की गं ह्याला.

क्रांती: नको आत्या. पप्पांना लागेल.

सयाजी: कुठला गडी? कंपनीच्या फाटकावरचा? त्यो मरतच न्हाय! सहा म्हैनं झालं अडकलोय तितं. गोळ्या घालून झाल्या, बाँब टाकून झालं, दिवं घालवून झालं.

क्रांती: आत्यानं एक पण गोळी मारली नाही.

सयाजी: मग आत गेली कशी?

क्रांती: त्याच्याशी बोलायला चार वाक्यं येतात बघा पडद्यावर. त्यातलं एक निवडायचं.

सयाजी: म्हाईत हाय की. पयलं वाक्य, ‘बाजूला हो’. मी तेच दाबतो. खालची कोण वाचत बसतंय?

आक्का: मी म्हटलं, क्रांते, समदी वाचून दाव. आन मराठीत सांग. तर चौथं हुतं, ‘कवापास्नं उभा हाईस?’

क्रांती: तो म्हणाला, सकाळपासून. बदली माणूस आलाच नाही. मग आत्यानं आणखी दोन-तीन गोष्टी विचारायला लावल्या. शेवटी तोच म्हणाला, तुम्ही जरा थांबता का इथं, मी घरी जाऊन येतो. गेला फाटक उघडं टाकून.

सयाजी: गेला?

आक्का: गेला की. घरात लेकरू आजारी हुतं त्याचं.

सयाजी: आन मी त्याला सहा म्हैनं गोळ्या घालतोय! नाद खुळा. जगातली सगळ्यात मोठी कंपनी, आन कुलूप निघतंय कशानं, तर ‘कवापास्नं उभा हाईस’नं! ऱ्हाऊ दे. मी पोती सांभाळतो, तेच माझं काम.

आक्का: बस खाली. लाडू आणल्यात लग्नातलं.

सयाजी: लाडू मागनं. आता चेष्टा पुरं, माझं ऐक. जानेवारीतच ठरलंय आपलं. क्यामेऱ्यापुढं तू दिसलीस तर हितं ऱ्हायाचं, न्हाय तर दोन्ही म्हशी इकायच्या आन शाहूपुरीत यायचं. तू शब्द मोडलास. उद्या बाजारात म्हशी न्यायच्या.

आक्का: आन तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मी करू काय? कबुतरांची धार काढू?

सयाजी: चौसष्ट वय हाय तुझं. परत पडलीस म्हंजी? मला भ्या वाटतंय आक्का. खरंच वाटतंय. दिवसातनं वीस येळा फोन काढून बघतो मी.

आक्का: बघतोस. उंटावर बसून शेळ्या हाकतोस. सया, तीन दिस पोतं बसलं हुतं हितं. एक फोन केला आसतास तर कळलं आसतं, पोतं काय हॅलो म्हंत न्हाय. त्या लग्नात मी फोन कमरंला लावून हिंडले. पंगतीत बसले तर ताटाशेजारी काढून ठिवला. म्हटलं आज करंल, उद्या करंल. केलास की सांगणार हुते, बाबा, लबाडी केलीया मी, रागावू नको. मला सांगायलाच घावलं न्हाय.

सयाजी: मला वाटलं, दिसतीयास की.

आक्का: दिसतीया म्हंजी हाय, आसं आसतंय व्हय?

क्रांती: पप्पा...

सयाजी: थांब क्रांती. तू बी ऐक हे. आक्का, जानेवारीत तू गोठ्यात पडलीस...

आक्का: ऱ्हाऊ दे ते.

सयाजी: न्हाय, बोलू दे मला. पडल्या पडल्या तू मला फोन केलतास. मी मागनं सांगितलं, दुकानात गिऱ्हाईक हुतं. गिऱ्हाईक नव्हतं आक्का. त्याच फाटकावर हुतो मी. मिशन अर्ध्यात हुतं. म्हटलं, हे एवढं झालं की करतो, आन तुझा फोन कापला. मग डोस्क्यातनंच गेलं. दुपारी आकारामनं तुला उचललं. तीन तास तू शेणात पडून, आन मी तिकडं जग वाचवत बसलेलो.

आक्का: ठावं हाय मला.

सयाजी: काय ठावं हाय?

आक्का: कापल्याला फोन कळतो रं. माणूस जवळ नसला की त्यो वाजून वाजून थांबतो. कापला की मधीच गप हुतो. त्या दिशी दोनदा वाजला आन गप. म्हटलं, चला, सयाचा अंगठा तरी शाबूत हाय.

सयाजी: आन इतकं दिस बोलली न्हाईस?

आक्का: काय बोलू? चार दिसांनी तू शिडी आन क्यामेरा घिऊन दारात हुबा. आईमागं तुला मी वाढवलाय, तुझं चोरट्यागत झाल्यालं तोंड मला कळत न्हाय व्हय? म्हटलं लावू दे, त्याच्या जिवाला बरं वाटंल. पर क्यामेरा लागला आन तू यायचाच बंद झालास मुडद्या. अदुगर आठ दिसांनी तरी यायचास. खोटं कशाला बोलू, पोत्याला लुगडं नेसवताना मला वाटलं, बघू तरी, ह्याला फरक कळतोय का. कळला न्हाय तवा वाईट वाटलं मला.

सयाजी: क्रांती, शिडी आण. काढतो त्यो क्यामेरा.

आक्का: काढतोस कशाला? आसूदे की. म्हशीकडं तोंड कर त्याचं. काळी म्हैस ह्या म्हैन्यात व्यायची हाय, सारखं उठून बघायला लागतंय. माझ्या फोनवर दिसायची सोय कर, म्हंजी हातरुणातनं बघीन.

क्रांती: आत्या, सदतिसावी लेव्हल!

सयाजी: आन तू? तुझ्यावर ध्यान कुणी ठिवायचं?

आक्का: ध्यान ठिवू नकोस. इचारत जा.

सयाजी: बरं. म्हशी ऱ्हाऊ देत. शाहूपुरीचं नाव काढत न्हाय परत. रोज सांजचं फोन करीन, उचलायचास मात्र.

आक्का: मी उचलतेच. तुझं सांग.

सयाजी: उचलीन.

आक्का: मिशन अर्ध्यात आसलं तर?

सयाजी: त्या फाटकावरच्या गड्याला सांगीन, थांब वाइच, बहिणीचा फोन हाय. त्यो समजून घेईल. पर मी त्याला सहा म्हैनं गोळ्या घातल्यात, तेवढं त्यानं ध्यानात ठिवलं नसलं म्हंजी झालं.

क्रांती: शिडी लावली पप्पा. चढा. आणि मम्मीची चप्पल काढा आधी, घसराल.

सयाजी: चढतो. धर नीट. दोन-दोन पायऱ्या न्हाय जमायच्या.

(सयाजीच्या खिशात फोन वाजू लागतो.)

क्रांती: पप्पा, फोन.

सयाजी: आता कोण ह्या येळंला? ...आक्का? आगं, तू तर हितं खाली हुबी हाईस की!

आक्का: उचल तर.

सयाजी: हॅलो. बोल आक्का.

आक्का: काय न्हाय रं. सहज केलता.