काकासाहेब, फोन उचला!

...नाही, पण तुम्हीच सांगा, फोन कशासाठी असतो? उचलण्यासाठी! जगात सगळीकडे उचलतात हो, मी फिनलंडला पाच वर्षं राहून आले, तिथली माणसं शेजाऱ्याशी बोलत नाहीत पण फोन उचलतात! आणि आमचे काकासाहेब? जगदेवराव, राहणार देवास, मोबाईल छातीच्या खिशात, वाजला रे वाजला की अंगठा लाल बटणावर... कट! कारण आमच्या घरात रिंग म्हणजे मिस कॉल. समोरच्यानं कट केला म्हणजे 'कळलं, येतोय'. इनकमिंग फुकट होऊन वर्षं झाली, पण ते काकासाहेबांच्या अंगठ्याला कोणी सांगितलंच नाही!

आणि मी शिकून काय आले? तर हेच! भिंती, डोंगर, गुहा मध्ये असताना फोनच्या लहरींवरून फोन कुठे आहे ते शोधायचं. आपल्या मातीत हे आणायचं, दरडीखाली, खाणीत अडकलेली माणसं शोधायची, अशी स्वप्नं घेऊन मी परतले, आणि तुम्हाला सांगते, पहिलं हरवलेलं माणूस मिळालं ते घरचंच.

झालं काय, दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात नीरजाच्या, म्हणजे काकासाहेबांच्या मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही जीप करून देवासहून धारवरून बाघ गावी गेलो, तिथं लाल-काळ्या ठशांच्या साड्या छापतात. काकासाहेब, मालनकाकी, तिचे भाऊ मानसिंगमामा, मी आणि ड्रायव्हर शालिग्राम. साड्या झाल्या, मी म्हटलं गावाजवळच्या जुन्या कोरीव गुहा बघू. खोटं कशाला बोलू, मला माझा अँटेना तपासायचा होता! तो बाहेर काढला तर शालिग्राम म्हणतो, "दीदी, इहां टीवी लगाओगे क्या?"

तेवढ्यात काकासाहेब, "आलोच हं," म्हणून झाडामागं गेले... ते गेलेच! काकीनं रिंग दिली. कट. काकी खूश, "येताहेत." आम्ही कलिंगड खाल्लं. पुन्हा रिंग, पुन्हा कट, "बघ, येताहेत!" सिग्नल होता हो... माणूस नव्हता!

मग काकीचा हात फोडीवरच थांबला. "उर्वशी, अगं यांनी सकाळी इन्सुलिन घेतलंय. आणि जेवणाचा डबा जीपमध्येच आहे."

संपलं! उन्हाचा तो कडाका, साखर उतरली की माणूस बसल्या जागी गुंगतो, आणि चहूकडं खडक, घळी, झुडपं. हाका मारल्या, तर हाकासुद्धा भलत्याच बाजूनं परत येत होत्या! मी अँटेना उचलला, काकीला म्हटलं लाव फोन, आणि काय सांगू, त्याच्या मीटरची सुई अशी जोरात उसळली, मी धावले... थेट मानसिंगमामांच्या पोटावर! मामा इंदूरला फोन लावून सांगत होते, "हां भिया, जीजाजी गुम गए, नहीं नहीं, टेंशन की बात नहीं, उर्वशी के पास मशीन है!" म्हटलं मामासाहेब, बंद करा तो! सगळ्यांनी बंद करा! आणि खालच्या नदीवर छापील कापड धुणारी माणसं हाका ऐकून आली होती ना मदतीला, त्यांनीही खिशातून काढून निमूटपणे बंद केले. कोणी विचारलं नाही ही पोरगी कोण, हे काय चाललंय.

पुन्हा फोन. सुई समोरच्या कड्याकडे. चढलो, ओरबाडलो, वर कोण? एक बकरी! लहर कड्यावर आपटून येत होती. अहो, मी यावर प्रबंध लिहिलाय, 'आपटलेली लहर फसवते', आणि मीच फसले! एका जागेवरून बघून चालत नाही, तीन-चार जागांवरून दिशा घ्याव्या लागतात, तोवर फोन बोलत राहायला हवा. आणि हा अंगठा... कट! कट! सिग्नल होता हो... माणूस नव्हता!

मी रडकुंडीला. "काकी, हे कट करणार नाहीत असं काही कर ना!"

काकी म्हणाली, "कट तर करणारच. पण त्यांच्या आधी मी कट केला ना, की त्यांना राहवत नाही. उलटा मिस कॉल देतातच. बत्तीस वर्षांचा संसार आहे, शेवटचा शब्द त्यांचाच लागतो."

देवा! उलटा मिस कॉल म्हणजे त्यांचा फोन स्वतः टॉवरशी बोलणार, रिंग वाजते तोवर बोलत राहणार! काकीनं फोन लावला, 'टुर्र' झालं न झालं तोच कापला. आणि खरंच हो, उलटी रिंग आली! मी नदीकाठावरून दिशा पकडली. पण खूण कशानं करू? दोरी नाही, काही नाही. काकीनं साड्यांचं गाठोडं सोडलं. मामा किंचाळले, "अहो अक्का, लग्नाच्या आहेत!" काकी म्हणाली, "अंथरा!"

काठावरून एक ओळ, लाल. गुहेपासून एक ओळ, काळी. साडीला साडी बांधून टोकं धरायला ती नदीवरची माणसं, शालिग्राम, पदर खोचून स्वतः काकी. एका मिस कॉलला एक दिशा! पण रिंग आता उशिरा येत होती. मग आणखी उशिरा. रस्त्यावरून तिसरी ओळ कशीबशी धरली, आणि काकीनं पुन्हा रिंग दिली, तर... तिकडून रिंग आलीच नाही. काकी फोनकडे बघत नुसती उभी. काकासाहेबांनी शेवटचा शब्द सोडला होता!

आम्ही तिन्ही साड्यांच्या ओळी जिथं जुळत होत्या तिकडे धावलो. बाभळीमागं अरुंद घळ, आत घसरून पडलेले, घोटा सुजलेला, सदरा घामानं चिंब, डोळे मिटत चाललेले, आणि अंगठा? बटणावर! गुहेजवळच्या टपरीची चहावाली मागोमाग धावत आली होती, तिनं पाण्यात मूठभर साखर कालवली, काकीनं घोट घोट पाजली. बऱ्याच वेळानं डोळे उघडले, काकीला बघून म्हणतात, "मालन, किती मिस कॉल? बॅटरी खातेस का?" काकी हसली, आणि मग जी रडायला लागली...

तिथं मी उभ्या उभ्या सगळ्यांना हात जोडले. चहावालीला, टोकं धरणाऱ्यांना, मामांच्या बंद फोनला, आणि हो, त्या मेल्या मिस कॉललासुद्धा! नीरजानं लग्नात त्यातलीच लाल साडी नेसली, काठाला बाभळीचे काटे तसेच.

पण काकासाहेबांनी तेव्हापासून कानाला खडा लावला. आता फोन उचलतात. पहिल्या रिंगला. उचलतात आणि... ठेवत नाहीत हो! घोटा, साखर, हाटपिपल्याच्या देवळातल्या नरसिंहाचं दर्शन, शेजारच्या बापूची म्हैस, माझा कान तापतो, भाजी करपते, "ठेवू का काकासाहेब?" तर म्हणतात, "अगं थांब, मुद्द्याचं राहिलंच!" थांबते. ऐकते. तक्रार कुणाकडे करू? शोधून मीच आणलंय ना त्यांना!