हिरव्या पट्टीचा सेल

मशीनवाले काका : मॅडम, जरा इकडे या. पडद्यावर काय उगवलंय ते बघा.

मॅडम : अगंबाई! लिथियमचे काटे! पार पलीकडे टेकायला आलेत की हो!

काका : वीस वर्षं दवाखान्यात माणसांचे एमआरआय काढले. कितीही वाईट दिसलं तरी चेहरा कोरा ठेवायची सवय. पण बॅटरीच्या पोटात असलं काही? पहिल्यांदाच बघतोय.

मॅडम : यायलाच हवं होतं. या सेलला मी महिनाभर भराभर चार्ज करून मुद्दाम छळलंय. काटा पलीकडे टेकला की आतल्या आत शॉर्ट, मग भडका. काय सुंदर चित्र आलंय!

काका : छळलेला म्हणजे लाल पट्टीचा ना?

मॅडम : हो.

काका : तो हा इथे, टेबलावर. मशीनमध्ये हिरव्या पट्टीचा आहे.

मॅडम : चेष्टा नको हं, काका.

(काका मशीनमधून सेल काढून तिच्या हातात देतात. पट्टी हिरवी.)

मॅडम : शक्यच नाही! हा सावकाश चार्ज केलेला, चांगला सेल. रोज व्होल्टेज बघत होते, कधी तसूभर हललं नाही.

काका : नाडी ठणठणीत असलेली माणसंही माझ्याकडे यायची, मॅडम. आतलं वेगळंच निघायचं… अहो, बसा आधी. एका सेलचं एवढं काय?

मॅडम : काका, याच लॉटचे बारा सेल मी आप्पांच्या व्हीलचेअरला बसवलेत. धातूच्या डब्यातलं तुमच्या मशीनला दिसत नाही, म्हणून एवढा एक प्लॅस्टिकच्या पाकिटात भरला. बाकी सगळं तेच! माझ्या बापाच्या बुडाखाली मी हे ठेवलंय हो!

काका : चार्जिंगला कधी लावतात?

मॅडम : जेवण झालं की. म्हणजे आत्ताच!

काका : मग बघताय काय? लावा फोन!

मॅडम : उचला ना, आप्पा, उचला… आप्पा! चार्जर काढा!

आप्पा : ओरडतेस कशाला? बहिरा नाही झालो अजून. आत्ता कुठे फाटकापाशी पोचतोय, चार्जर कुठला?

मॅडम : फाटकापाशी? तुम्ही बाहेर गेला होतात?

आप्पा : चौकापर्यंत. एकटा! पाच वर्षांनी गेलो गं. न्हाव्याने आधी ओळखलंच नाही, मग मिठीच मारली.

मॅडम : आप्पा, ऐका. शेजारच्या वहिनींना आणि त्यांच्या मुलांना हाक मारा. तुम्हाला उचलून ओसरीवर बसवू देत. खुर्ची लांब, उघड्यावर ढकला. चार्जरला हातही लावायचा नाही. मी निघालेच.

आप्पा : का? झालं काय?

मॅडम : सेल खराब आहेत. मी चांगले म्हणून दिले. चुकलं हो माझं, आप्पा.

आप्पा : …बरं. मारतो हाक. तू रडू नकोस, गाडी जपून चालव. आणि न्हाव्याला मी उद्या परत येतो म्हणालोय. आता जमायचं नाही, तेवढं त्याला तू कळव.