अण्णांच्या पाटावरचं मल्टीटूल

त्या खिशातल्या मल्टीटूलचं तर नावच काढू नका! पकड, चाकू, पाना सगळं एकात, म्हणून कामावर वापरून बघायला घेतलं. खंडेनवमीला बाकीची हत्यारं घरी पूजेला मांडली न् हे एकटं घेऊन भोरवरनं वेल्ह्याला गेलो. तिथलं आपलं जुनं गिऱ्हाईक अण्णा, त्यांची पाण्याची मोटर बंद पडलेली, सकाळपासनं फोनवर फोन.

मल्टीटूल खिशातनं काढलं, तर अण्णा म्हणाले, "अरं, ह्याची पूजा न्हाई केलीस?"

माझ्या हातातनं घेतलं, त्यांच्या पूजेतल्या कोयत्याशेजारी पाटावर ठिवलं, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल वाहिलं.

"पूजेतलं हत्यार आता उद्या दसऱ्यालाच उचलायचं. चल, खोल मोटर. घरात प्यायला थेंब न्हाई."

आता तुमीच सांगा, कशानं खोलू? दातानं?