शेरूने दिलेला होकार

लांडग्याच्या रक्ताचं कुत्रं पाळायचं कुणाच्या डोक्यात असेल, तर आधी माझ्या मेव्हण्याचं ऐका. मसुऱ्याच्या ह्या आबाने घाटावरून तसलं एक पिल्लू आणलं. आई कुत्री, बाप लांडगा, नाव शेरू. वर्षभरात तो वासराएवढा झाला. कधी भुंकला नाही. अंगणाभोवतीचा छातीएवढा दगडी गडगा सहज ओलांडायचा, दाराची कडी नाकाने काढायचा. आबा रोज बांगड्याचा तुकडा धरून 'बस, बस' करायचा आणि तलाठ्याने अर्जदाराकडे बघावं तसा शेरू त्याच्याकडे बघायचा.

मग शेजाऱ्याच्या कोंबड्या गेल्या. शेरूला साखळी लागली. वाडी म्हणाली, "आबा, ह्येका परत धाड."

आबा रडकुंडीला आला. शेवटचा उपाय म्हणून त्याने अंगणात नारळ ठेवला आणि वाडीतल्या म्हाताऱ्या तात्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या जनावराक माणसांत ऱ्हवाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

आम्ही वीसजण एका सुरात ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

शेरू उठला. त्याने मान वर केली आणि आमच्या सुरात आपला लांबलचक सूर मिसळला. वाडीतले सगळे कुत्रे शेपूट घालून पडवीत शिरले. सूर थांबला तरी तात्यांचे जोडलेले हात सुटेनात.

आबा हळूच माझ्या कानाशी आला.

"भावोजी, ह्येका मी 'बस' म्हणान सांगी होतंय!"