नकार देणारी नायिका

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या आत्याला भाची कथासंग्रह वाचून दाखवत होती. शेजारी शिवणकाम घेऊन बसलेल्या बाईंचे कान तिकडेच लागले होते.

“आत्या, तुझीच लाडकी प्रेमकादंबरी. या संग्रहात प्रत्येक लेखिकेनं तीच गोष्ट आपल्या तऱ्हेनं नव्यानं लिहिलीय.”

“सोन्याला मुलामा कशाला? बरं, वाच.”

“या गोष्टीत नायिका नायकाला लग्नाला नाही म्हणते.”

“अगंबाई! मग?”

“शाळा काढते. म्हातारपणीही मजेत असते.”

“एकटीच?”

“एकटीच.”

“रडतबिडत नाही?”

“छे गं!”

“काय लिहिलंय बाईनं! आयुष्यभर ती कादंबरी मिटताना वाटायचं, मला मागणी घातलेल्याला नाही म्हणाले, तिथं मीच चुकले.”

शिवणकामवाल्या बाईंना राहवेना.

“पोरी, शाळा काढते तिथपासून परत वाच. जरा मोठ्यानं.”