दाढी काढलेला बाबा

आकुर्डीच्या दवाखान्यात लसीच्या रांगेत आमच्यापुढे एक तरुण जोडपं होतं. नऊ महिन्यांची मनू आईच्या खांद्याला चिकटलेली. बापाने हात पुढे केला की भोकाड पसरायची.

“अहो, नका ना घेऊ. रडतेय ती.”

“काल माझ्या छातीवर झोपली, आज मी परका?”

“सकाळी दाढी काढून पुढ्यात आलात. क्षणभर मलाच कळेना, तिला काय कळणार!”

“मी काय करू? कंपनीत रंगकामाच्या पेंट शॉपला माल न्यायचा तर मास्क लागतो. दाढीवर तो नीट बसत नाही.”

“आरं, दाढीपायी एवढं तोंड पाडतूस व्हय?” माझ्या सासूबाईंना राहवलं नाही.

“दाढीचं काय नाही हो, आजी. पोरगी ती मुठीत धरून झोपायची.”

“मग घरी कसा खेळवतूस, त्येच कर की हितं.”

“इथं? सगळ्यांसमोर?”

“करा हो. सुई टोचताना मला बघवत नाही. तुम्हालाच धरायचंय तिला.”

“हसू नका हां कुणी. कंपनीत माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवतो मी.”

त्याने दोन्ही हात सरळ पुढे धरले आणि मागे सरकत तोंडाने आवाज काढला.

“टुं... टुं... टुं...”

मनू रडायची थांबली. मान वळवून बघत राहिली.

“माल उचलायचा का, मॅडम?”

ती अख्खी त्याच्या हातांवर झुकली. मग चिमुकला हात त्याच्या हनुवटीवर चाचपडू लागला.

“नाहीये गं तिथं. पण मीच आहे.”

“पुढचं बाळ आणा!” आतून नर्सची हाक आली.

“आलो, आलो. वाट द्या हो, गाडी रिव्हर्सला आहे. टुं... टुं...”