खडखड तेवढी राहू द्या

नाही नाही, दादा, ते मागचं झाकण नका उघडू — म्हणजे उघडलंत तर उघडलंत, पण आवाज तेवढा काढून टाकू नका. आणि हळू हं, ठमी खांद्यावर आहे, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. हो, फोन नवऱ्यानंच केला होता, माहीत आहे मला. कपड्यांचं मशीन खडखडतं, घर डोक्यावर घेतं, चार माणसांना धड बोलता येत नाही — सगळं खरं. पण पोरीला त्या खडखडीशिवाय झोपच येत नाही, काय करू? पाळणा झाला, मांडी झाली, गाणी म्हणून म्हणून माझा घसा बसला — बाईसाहेब टक्क जाग्या. आणि हे मशीन लावलं, इथे स्टुलावर तिला घेऊन बसलं, की लागलीच मान टाकते. तुम्ही दुरुस्त करून जाल हो, निस्तरायचं मला.

सुट्टी ना सगळ्यांना! पाळणाघराला सुट्टी, नवऱ्याला सुट्टी, नणंदबाई दोन मुलं घेऊन आल्यात, त्यांनाही सुट्टी. सासूबाई म्हणतात, घर कसं भरल्यासारखं वाटतंय. भरलंय की — दारात चपला, इथे टॉवेलांचा ढीग. रोज एकेकाला धुतलेला टॉवेल. स्वतःच्या घरी लागतो का हो रोज? लागत असेल बाई. आणि हाका! 'अगं, साखर कुठंय?' — साखर साखरेच्या डब्यात. 'अगं, हिनं शी केलीय बहुतेक' — केलीय तर धू ना, तुझीही मुलगीच ना ती? तसा घेतो हं तो तिला. कौतुक तर विचारू नका. पण रडायला लागली की दोन्ही हातांनी पुढे धरतो, पार्सल द्यावं तशी — 'तुझ्याकडेच राहते ती.' माझ्याकडे राहते, कारण मी कोणाकडे देणार? नणंदबाईंना नावं ठेवायची नाहीत मला, भल्या आहेत. 'वहिनी, तू जरा आराम कर' म्हणतात — आणि आमच्याच खोलीत पंखा लावून स्वतः आडव्या होतात.

म्हणून मी कपडे लावते. सकाळी लावते, जेवणं उरकली की लावते, कधी कधी — तुम्हाला म्हणून सांगते — रिकामंच लावते. रिकामं असलं की आणखीच खडखडतं. दार लोटायचं, बसायचं. बाहेरून कोणी कितीही हाका मारू दे, ऐकू येत नाही, खरंच येत नाही, खोटं कशाला बोलू. आणि आतलं बाहेर जात नाही. म्हणजे — हिचं रडणं म्हणते मी. ही रडते ना कधी कधी.

काय? काय बघताय हिच्याकडे? झोपलीय की छान —

हं. मशीन बंद आहे, नाही का. मगापासून बंदच आहे. प्लगसुद्धा काढलाय तुम्ही.

असू दे. हिचं काही अडत नाही, दादा. कधीचंच अडत नाही. माझं अडतं. ही झोपली की जरा — काही नाही हो, भिंतीला टेकून थोडं रडून घेते. आता 'काय झालं' म्हणून विचारू नका. कोणी मारत नाही, कोणी टाकून बोलत नाही, सगळी चांगली माणसं आहेत. दमलेय मी, एवढंच. खूप दमलेय. पण सांगायचं कोणाला? म्हणतील, सुट्टी तर चाललीय, दमायला काय झालं?

'हो हो, बघतायत ते! पार्ट मिळत नाहीये म्हणे!' — नवरा हो, बाहेरून विचारतोय, झालं का म्हणून. तुम्हीही तेच सांगा ना त्याला. एकदा ही सगळी आपापल्या घरी गेली, पाळणाघर उघडलं, की या आणि खुशाल दुरुस्त करा, मी अडवायची नाही. झाकण लावताय? लावा, लावा. आतला तो खडखडणारा स्क्रू तसाच सैल ठेवलात ना? देव तुमचं भलं करो.

आता एवढं करा — माझे हात अडकलेत — प्लग लावा आणि ते बटण दाबा. नाही, आत कपडे नाहीत. असंच चालू द्या. आणि जाताना दार तेवढं ओढून घ्या.